सिनेमाचा मधला भाग

बत्तीस वर्षं सिनेमाच्या दारावर काढली, पण डोअरकीपरने एकही सिनेमा सलग पाहिला नव्हता. सुरुवातीला तो बॅटरी घेऊन उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या दाखवी, आणि शेवटी दार उघडायला आत उभा राही. मधलं सगळं बाहेर स्टुलावर बसून भिंतीतून ऐकलेलं. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

या आठवड्यात भयपट लागला होता. पाच तरुण मुलं परदेशी फिरायला जातात. सुरुवातीला पाठीवर बॅगा टाकून हसत खिदळत गाडीतून उतरतात. शेवटी एकटी मुलगी अनवाणी रस्त्याने चालत येते. मधे बाकीच्या चौघांचं काय झालं, ते नुसत्या किंकाळ्यांवरून कळत नव्हतं.

त्याचीही मुलगी चौघांबरोबर परदेशी गेली होती. जाऊ नकोस म्हणून त्याने आकाशपाताळ एक केलं. तिने ऐकलं नाही तेव्हा म्हणाला, मग मला फोनही करू नकोस. तरी तिने दोनदा केला. दोन्ही वेळा त्याने तो वाजू दिला. बायको असती तर तिने हातातून हिसकावून घेतला असता. पण आता घरात एकच ताट, एकच पेला, आणि हट्ट मात्र तिघांना पुरेल एवढा. त्यानंतर नऊ दिवस फोन मुका होता.

"सारखं बघून तो काय अंडं घालणार आहे का?" कॅन्टीनवाला म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी त्याने दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं. बदलीच्या माणसाने हसत हसत ते फाडून अर्धं हातात दिलं. तो कोपऱ्यात बसला.

मधल्या भागात त्याला वाटलं होतं तेवढं रक्त नव्हतं. पोरं कपडे वाळत घालत होती, रस्ता चुकत होती, भांडत होती. मग अंधारून आलं. दोघं दिसेनासे झाले, आणि घाबरलेल्या मुलीने एका खाणावळीतून घरी फोन लावला. पडद्यावर तिचं घर आलं. टेबलावर फोन वाजतोय, शेजारी म्हातारा बाप बसलाय. त्याने फोनकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आजूबाजूचे लोक निवांत लाह्या खात होते. यात घाबरण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. डोअरकीपरला मात्र दरदरून घाम फुटला. तो उठला, बाहेर स्टुलावर येऊन बसला आणि फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"बाबा?"

"किती जण आहात तिथे?"

"पाच. का?"

"पाचही?"

"पाचही. एकाला सर्दी झालीय. तुम्ही कुठे आहात?"

"कामावर."

"आज सुट्टी ना तुमची?"

"नऊ दिवस फोन का नाही केलास?" त्याने विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच करू नको म्हणालात, म्हणून मग केला नाही.

"माझं ऐकायला तू कधीपासून लागलीस?" तो म्हणाला.

ती हसली. तेवढ्यात तिची बस आली. करते नंतर, म्हणाली आणि फोन बंद झाला.

तो तसाच बसून राहिला. वेळ झाली तशी सवयीने उठला आणि बदलीच्या माणसाच्या आधी त्यानेच दार उघडलं. पडद्यावर ती मुलगी अनवाणी चालत येत होती. लोक उठून त्याच्या अंगावरून बाहेर पडले, दिवे लागले, तरी तो पडद्याकडेच बघत होता. ती घरी पोचते का, ते सिनेमात दाखवलंच नव्हतं.