एकाच तोंडाच्या मापाची

मी एक जुनी जबडापट्टी आहे. मित्रांनो, मला कवळी म्हणू नका, त्याचा मला राग येतो. कवळी घास चावते, हसताना दिसते, तिचे कौतुक होते. मी फक्त झोपेत तोंडात बसते आणि खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवते, म्हणजे घशातली वाट मोकळी राहते. काम एवढेच. पण या एवढ्याशा कामावर जमीर नावाच्या माणसाचा जीव टांगलेला होता.

जमीर दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. कोणते यंत्र बिघडले हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. ती वर्षे कापसाच्या पडत्या काळाची होती. निम्मा मोसम जिनिंग बंद, आणि गावात जो तो कपाळाला हात लावून बसलेला. अशात जमीर कामावर पेंगू लागला. चहाचा कप हातात धरून झोपू लागला. सगळ्यांनी एकच निदान केले, "चिंतेनं खाल्लं त्याले." त्या वर्षांत थकलेला माणूस चिंतेनेच थकला, असे आमच्याकडे धरूनच चालत. घरी तो मोठ्याने घोरायचा, मध्येच एकदम गप्प व्हायचा आणि मग धडपडून श्वास ओढायचा. त्याची बायको आरिफा त्याला हलवून हलवून थकली होती. शेजारणी म्हणायच्या, घोरतो म्हणजे झोप तरी गाढ लागते.

शेवटी मालकाने बजावले, "जमीर, फिरत्या पट्ट्याजवळ झोपणारा माणूस मले नको. आणखी एकदा दिसलं तर घरी बस."

त्याच आठवड्यात दाढ दुखते म्हणून तो दातांच्या डॉक्टर ममता यांच्याकडे गेला. त्या औषध घ्यायला वळल्या, तोवर हा खुर्चीतच घोरू लागला. बाईंनी त्याला लगेच उठवले नाही. कान देऊन ऐकत राहिल्या, आणि घोरणे थांबले तेव्हा घड्याळाकडे पाहिले.

"जमीरभाई, तुमचे दात झिजले. जिभेच्या कडेले दातांचे वण आहेत, हनुवटीही मागं आहे. चिंता कोणाले नाही? पण तुमचा झोपेत श्वास अडकून राह्यला."

"दातांच्या डॉक्टरले श्वासाचं काय कळते?" जमीर हसला.

"तोंडातूनच तर जाते तो!"

बाईंनी त्याला नागपूरला पाठवले. तिथे अंगाला वायरी लावून त्याची झोप तपासली, तर तासाला बावीस वेळा श्वास अडत होता. तिथल्या डॉक्टरांनी हवा देणारे यंत्र सुचवले. पण दिग्रसला तेव्हा भारनियमनात तासन् तास वीज नसायची. मग दुखणे मध्यम आहे, पट्टीनेही भागेल, असे दोन्ही डॉक्टरांचे ठरले.

माझा जन्मही सुखाचा नव्हता. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जमीरचे तोंड पुरते उघडेना, म्हणून मापाला तीन खेपा लागल्या. "खर्रा सोडा, नाहीतर मी माप घेत नाही," असे बाई ओरडल्या तेव्हा कुठे त्याने पुडी फेकली. त्या मापावरून यवतमाळच्या कारागिराने मला घडवले.

पहिले काही दिवस त्याचा जबडा दुखला, लाळ गळली, आणि त्याने मला यथेच्छ शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो सकाळी आपणहून उठला आणि म्हणाला, "आरिफा, आज डोकं हलकं काहून लागते?" ती पदराने डोळे पुसत राहिली. दोन वर्षे मी इमानाने राबले. तो कामावर पेंगला नाही. आरिफा मला रोज गार पाण्याने धुवून निळ्या डबीत ठेवायची. तेवढे सुख मला पुरत होते.

मग ईदला आरिफाचा भाऊ रहेमान मुकुटबनहून आला. त्याने मला पाहिले आणि मोठ्याने विचारले, "दूल्हेभाई, या उमरीत बाळाची चुसणी?" घरभर हशा पिकला. जमीरही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

पुढे रहेमानच्या मुलीचे लग्न निघाले. आरिफाने मला पिशवीत घातले होते, जमीरने हळूच काढून फळीवर ठेवले. पाहुण्यांत चार जणांसमोर मला तोंडात घालायची त्याला लाज वाटली. "चार दिवसांनं काय होते?" असे तो पुटपुटला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

लग्नानंतर आरिफा माहेरी थांबली आणि तो कामासाठी एकटाच मोटारसायकलने निघाला. भरदुपारी, वणीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर त्याचा डोळा लागला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. जमीर गेला. मौतीला आलेले लोक म्हणत होते, "चिंताच होती ना त्याले." मी फळीवर होते. सारे ऐकत होते.

काही महिन्यांनी आरिफा मला घेऊन ममताबाईंकडे गेली. सोबत रहेमान होता.

"म्याडम, माहा भाऊ बी तसाच घोरते. मधात श्वास थांबते. इतकी चांगली चीज घरी पडून आहे. याले बसन का?"

बाईंनी मला हातात घेतले. "नाही, आरिफाताई. ही जमीरभाईंच्याच मापाची आहे. रहेमानभाईंची आधी तपासणी करू, मंग त्यांची वेगळी करू."

"मीच हसलो होतो, म्याडम," रहेमान खाली मान घालून म्हणाला. त्याला कोणी समजावले नाही. तो मुकाट्याने खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडले.

मित्रांनो, घरात कोणी घोरत असेल तर हवे तर हसा. पण घोरता घोरता त्याचा श्वास थांबला, तर तेवढ्यावर सोडू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आणि ज्याला औषध सापडले आहे, त्याला त्या औषधाची लाज वाटेल असे बोलू नका. माझे म्हणाल तर मी अजून धडधाकट आहे, कुठे साधा तडा नाही. माझ्या मापाचे तोंड मात्र आता या जगात नाही.