खोल बाजूची भिंत

माळी तलावाच्या काठावर येऊन उभा राहिला तेव्हा खाली तलाव घासणाऱ्याच्या हातात ऍसिडचा ब्रश होता आणि समोरच्या टाइल्सवर फेस धरत होता.

"वर ये," माळी म्हणाला.

"एवढं धुतो आणि येतो."

"धुतो मी. तू वर ये."

तलाव रिकामा होता, त्यामुळे दोघांचेही आवाज मोठे वाटत होते. माळी इतकी वर्षं काठावरून जाता-येता त्याला एकच विचारायचा, झाली का भिंतीची दाढी. आज त्याने ते विचारलं नाही. पाण्याची नळी त्याने आधीच हातात घेतली होती आणि त्याचे पाय चिखलाचे होते, वाफ्यातून तसाच उठून आल्यासारखे.

तो पायऱ्या चढून वर आला.

"काय झालं?"

"आधी चप्पल घाल."

त्यावरून त्याला कळलं.

पंपाच्या खोलीमागे त्यांची खोली होती. क्लबने दिलेली. दारात आचाऱ्याची बायको उभी होती, ती बाजूला झाली. त्याची बायको खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्याने तिच्या खांद्याकडे हात नेला, हातात अजून ऍसिडचा रबरी मोजा आहे हे पाहिलं आणि हात मागे घेतला. मोजा घामाने चिकटला होता. तो निघता निघेना. शेवटी आचाऱ्याच्या बायकोने पुढे होऊन तो ओढून काढला, लहान पोराच्या हातातला काढावा तसा.

पुढचे दिवस, बायकोचं तेरावं धरून, गेले तसे गेले. तलाव अर्धाच घासून झाला होता, तरी मॅनेजरने तो भरून घेतला, कारण उन्हाळा सुरू झाला होता आणि सभासद थांबायला तयार नव्हते. पाण्याच्या रेषेला एक लांब बाजू स्वच्छ निळी आणि उरलेल्या बाजूंना क्षारांचा पिवळट पट्टा, त्याखाली शेवाळाचे काळे ठिपके. वरून पाहिलं की कोणीतरी मधेच उठून गेलंय हे सरळ दिसायचं.

"काका, घाई नाही," मॅनेजर म्हणाला. "पण लोक विचारतात."

उन्हाळा सरताना मॅनेजरने तलाव पुन्हा रिकामा करायला लावला आणि त्याच सुमारास त्याची मुलगी त्याला न्यायला आली. ती दुसऱ्या गावात राहायची. तिने येताना रिकामी बॅग आणली होती.

"तुमच्या जावयांनी कपाटाचे दोन कप्पे मोकळे करून ठेवलेत. खिडकीजवळची खाटही तुम्हालाच."

"आणि जावई कुठे झोपणार?"

"त्यांना कुठेही झोप लागते. बस स्टॉपवरसुद्धा लागते."

तो हसला. त्याला जायचं होतं. खोलीत त्याला आता बसवत नव्हतं, तो जेवणही पंपाच्या ओट्यावर घ्यायचा. त्याने स्वतःचे कपडे बॅगेत भरले, बायकोची शाल भरली. मग म्हणाला, "टाइल्स तेवढ्या पुऱ्या करतो. अर्धं टाकून गेलो तर लोक म्हणतील, रडत बसला आणि पळाला."

"लोकांचं सोडा हो बाबा."

"बरं, लोक नाही म्हणत. मीच म्हणतो असं समज."

मुलीने केस वर बांधले. "चला. नळी मी धरते."

हे काम दोघांचं असतं. एकाने ब्रशने ऍसिड लावायचं आणि दुसऱ्याने मागोमाग पाणी मारायचं. लवकर मारलं तर डाग निघत नाही. उशीर झाला तर टाइलची तुकतुकी जाते, मग पुढच्या वेळी डाग आतच शिरतो आणि कशानेच निघत नाही. त्याची बायको त्याच्या मागे उभी राहायची. तिला कधी सांगावं लागलं नाही. नवऱ्याला धुवायला मिळालं नाही, निदान त्याची भिंत तरी धुते, असं ती माळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची.

मुलीला ते जमायला वेळ लागला. पहिल्यांदा पाणी त्याच्या पाठीवर आलं.

"मला नको धुऊ, भिंत धू."

"तुम्ही हलू नका ना मधे."

"मी नाही हललो तर भिंत कशी पुढे जाईल?"

दुपारपर्यंत उथळ बाजू झाली. लांबीची उरलेली भिंतही झाली. ओल्या टाइल्स उन्हात निळ्या दिसायला लागल्या तेव्हा मुलगी नळी खाली ठेवून नुसती बघत राहिली. "छान दिसतंय की हो," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला होता. तोही क्षणभर पाहत राहिला. उद्या सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं होतं.

खोल बाजूची भिंत तेवढी राहिली. तिथे शिडी लागायची, कारण पाण्याची रेषा डोक्याच्या कितीतरी वर होती. तो वर चढला.

"शिडी धरू का?"

"धरायची नाही. खालच्या पायरीवर पाय रोवून उभी राहा. हात पाण्याला मोकळे हवेत."

तिने पाय ठेवला. त्याने पहिल्या टाइल्सना ब्रश लावला. फेस आला.

"आईला हे कसं जमायचं कोण जाणे," खालून मुलगी म्हणाली. "माझा तर खांदा भरून आला."

"सवय होती तिला."

"सवय कसली. ती गेली त्या दिवशी तिचाही भरून आला होता. डावा. सकाळी फोनवर सांगत होती, रात्रभर डोळा नाही, दंडापर्यंत कळ येतेय. मी म्हटलं, नळी धरून धरून झालं असेल, बाम लाव आणि आज पड जरा." तिने वर फवारा मारून नळीचं तोंड नीट केलं. "तर म्हणाली, बाबांना बोलू नकोस हं, तलाव रिकामा करून बसलेत, आता काम थांबलं तर मॅनेजरसमोर तोंडघशी पडतील. मी म्हटलं, बरं, नाही बोलत."

ब्रश पुढच्या टाइलवर गेला आणि तिथेच थांबला.

"मला म्हणाली, कंटाळा आलाय," तो म्हणाला. "आज तुम्ही एकटेच करा, म्हणाली."

खाली मुलीच्या हातातल्या नळीचं तोंड झुकलं.

"खोलीत बामाचा वास होता. मला वाटलं, आचाऱ्याच्या बायकोने लावला असेल स्वतःला."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मुलगी म्हणाली. "मला वाटलं, नंतर तिने सांगितलं असेल. बाबा?"

"पाणी," तो म्हणाला.

फेस वाढत होता. टाइलवरून पिवळं पाणी ओघळायला लागलं.

"पाणी मार."

नळी तिच्या हातात होती आणि पाणी तिच्याच पायांवर पडत होतं. तो शिडीवरून खाली उतरला, तिच्या हातातून नळी घेतली आणि जमिनीवरूनच वर पाणी मारलं. सगळा फेस निघेपर्यंत, आणि निघून गेल्यावरही बराच वेळ. भिंतीवर एक निळा तुकडा तयार झाला. दोन्ही बाजूंना पिवळा पट्टा तसाच होता.

मग त्याने ऍसिडच्या डब्याला बूच लावलं. ब्रश धुतले. शिडी आडवी केली.

"बाबा, एवढीच तर राहिली. अजून ऊन आहे."

"राहू दे."

रात्री तिने भात केला. तो खोलीतच जेवला, मान खाली घालून, ताटात काही न टाकता. तिने आपलं ताट बाजूला सारलं.

"मला कसं कळणार होतं?" ती म्हणाली.

"तुला कोण काय म्हणतंय?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही, तेच."

तो उठला, हात धुतले आणि तिच्यासाठी खाट झाडून दिली. स्वतः पंपाच्या ओट्यावर जाऊन झोपला.

सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली, त्यातले आपले कपडे बाहेर काढले, नीट घडी करून खाटेवर ठेवले. शाल आतच राहू दिली.

"खोल बाजू राहिलीये," तो म्हणाला.

"मी थांबते की. आज होईल."

"नको. जावई वाट बघत असतील."

तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. रिक्षात बसताना तिने त्याचा हात धरला, त्यानेही तो सोडवून घेतला नाही. रिक्षा निघाली तेव्हा तो आपोआप सुटला.

दोन दिवस त्याने शिडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजर काठावरून फिरून आला, समाधानाने मान हलवली आणि तलाव भरायला सांगितला.

"ती एक भिंत राहिलीये," तो म्हणाला.

"अहो काका, खोल बाजूला कोण बघतंय? सगळी पोरंटोरं इकडेच असतात."

आता तलाव भरलेला आहे. दुपारी मुलं उथळ बाजूला दंगा करतात आणि त्यांचे आईबाप छत्र्यांखाली बसतात. तो जाळीने पानं काढतो, पंप चालू करतो, बंद करतो. मुलगी रविवारी फोन करते. पाणी-पाऊस विचारून झालं की विचारते, भिंत झाली का. तो सांगतो, नाही अजून. ती म्हणते, झाली की कळवा, मी न्यायला येते. तो हो म्हणतो. मग दोघांपैकी कोणीतरी एक जण फोन ठेवतो.

खोल बाजूची भिंत राहिली आहे. तुझं काही चुकलं नाही, एवढं मुलीला सांगायचंही राहिलं आहे.