ग्लेनिसला सांगायचं कसं

बाजारचौकातल्या बचतसंस्थेत एथेल रॉथवेलचं करमुक्त खातं होतं. नवरा नॉर्मन गेल्यावरही दर बुधवारी बाजार आटोपून ती तिथे डोकावायचीच. खिडकीमागे ग्लेनिस असे. कामाच्या पहिल्याच दिवशी, डोक्यावर कुरळ्या केसांचा डोंगर घेऊन बसलेल्या त्या पोरीने घाबरून एथेलच्या पासबुकावर चहा सांडला होता. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

आता भाची जिल मागे लागली होती. "मावशी, समोरची बँक दीडपट व्याज देतेय. थंडीत खर्च नको म्हणून एकच खोली गरम ठेवून कुडकुडत बसतेस, त्यापेक्षा ने ना खातं तिकडे! एक फॉर्म भरायचा, पुढचं ते बघतात. तुला ग्लेनिसचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही."

एथेलला नेमकं तेच खुपत होतं. एक दिवस ग्लेनिसच्या टेबलावर समोरून कागद येणार, त्यावर आपलं नाव असणार, आणि आपण मात्र घरात लपलेल्या! केस कापणारी बदलली तेव्हा जुनीच्या दुकानावरून जायला नको म्हणून ती दोन वर्षं चर्चच्या मागून वळसा घालून बाजाराला जात होती. छे! त्यापेक्षा काहीतरी गोड कारण सांगून पैसे काढून घ्यावेत आणि गुपचूप रस्ता ओलांडावा.

बुधवारी ती खिडकीशी उभी राहिली.

"ग्लेनिस, सगळे काढायचेत गं. स्वयंपाकघर नवं करतेय."

"अरे वा! कुठला रंग?"

"हिरवा." एथेलला हिरवा रंग डोळ्यांसमोर धरवत नसे.

"आणि ओटा?"

"तोही... हिरवाच."

"म्हणजे अख्खं वाटाण्याचं शेतच की!" ग्लेनिस हसली. मग काचेजवळ वाकून हळूच म्हणाली, "मिसेस रॉथवेल, हे पैसे हातात घेतलेत की करमाफी गेली. अशा खात्यात पुन्हा भरायचे तर वर्षाला ठरावीकच भरता येतात. पूर्वीइतके व्हायला किती वर्षं लागतील, विचार करा."

"असू दे गं."

"खरंच स्वयंपाकघर असेल तर असू दे. पण समोर जायचं असेल, तर हात लावू नका. त्यांनाच आमच्याकडून मागवू द्या. पै न् पै करमुक्त राहील."

एथेलचे कान तापले. "तुला कोणी सांगितलं मी समोर जातेय म्हणून?"

"गेल्या आठवड्यात तिघींची स्वयंपाकघरं निघाली. माझी आई तर परवा इथे येऊन म्हणाली, छप्पर गळतंय, पैसे दे. मी त्याच घरात राहते, मिसेस रॉथवेल!"

एथेलला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले. "तुला सोडून चालल्यासारखं वाटतं गं."

"व्याज काय मी माझ्या घरून देते? जा, भरा तो फॉर्म आणि दोन्ही खोल्या ऊबदार ठेवा. बुधवार मात्र चुकवायचा नाही."

"खातंच नसेल तर यायचं कशाला?"

"काल एक बाई नुसता चष्मा पुसायला आल्या होत्या. अर्धा तास पुसत होत्या."

तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं. भाजीच्या गाळ्यावरचे म्हातारे मिस्टर एंटविसल टोपी हातात चुरगाळत उभे होते.

"ग्लेनिस," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला जरा... सगळेच काढायचे होते. बागेत काचघर बांधतोय."

ग्लेनिसने ओठ घट्ट मिटून घेतले आणि एथेलकडे पाहिलं. एथेल खिडकीपासून बाजूला झाली. पण दाराकडे न जाता तिने भिंतीलगतची खुर्ची पुढे ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसली.

"हो का, मिस्टर एंटविसल?" ती मायेने म्हणाली. "आणि काय काय लावणार त्यात?"