टाच टेकवायचा हट्ट

संध्याकाळचं जेवण आटोपलं आणि कॉलेटने कुट्टूच्या धिरड्यांची रिकामी थाळी उचलली, की देशेनांच्या स्वयंपाकघरात एक ठरलेला कार्यक्रम व्हायचा. तिचा मुलगा रेमी बाकावर आडवा पडायचा आणि त्याचा बाप लिओनेल पोराचा पाय मांडीवर घ्यायचा. एका हाताने गुडघा सरळ धरायचा, दुसऱ्या तळव्यात टाच घ्यायची, आणि पाऊल हळूहळू नडगीकडे दाबून तसंच धरून ठेवायचं. उजवं झालं की डावं.

"पापा, पाय आहे तो. ट्रॅक्टरचा नट नाही!"

"गप. ताणल्याशिवाय सुटायचं नाही."

रेमीला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. बारावं वर्ष संपत आलं होतं, आणि पोटऱ्या आखडून त्याच्या टाचा जमिनीपासून वर उचलल्या गेल्या होत्या. पोट पुढे काढून तो चवड्यांवर चालायचा. गावात त्याला मेयर म्हणत, आणि तोही येणाऱ्याजाणाऱ्याला मेयरसारखा हात करायचा.

लिओनेलने मात्र मनाशी एक खूणगाठ बांधली होती. टाच टेकली की पोरगं बरं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पुढचं सगळं सांगितलं, ते त्याने ऐकून घेतलं आणि कुठेतरी ठेवून दिलं. टाच त्याला रोज डोळ्यांनी दिसत होती, म्हणून त्याचं सगळं भांडण टाचेशी.

त्यात सप्टेंबर तोंडावर आला. नदीकाठच्या त्यांच्या मुलखात बटाटे काढायच्या दिवसांत शाळेला सुट्टी असते आणि पोरं शेतात असतात. देशेनांच्या घरात बारा पुरी झाली की ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या हार्वेस्टरवर जागा मिळे. सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि बटाट्यांतले दगड, ढेकळं, पाला वेचून फेकायचा. उभं राहूनच. देशेनांच्या हार्वेस्टरवर कोणी बसत नसे. टेकलेला दिसला की "घरी जा, बटाटे सोल" ठरलेलं. लिओनेलने ते बापाकडून ऐकलं होतं आणि पुतण्यांना ऐकवलं होतं. रेमीला यंदा ती जागा हवी होती, आणि त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या बापाला.

शाळेची फिजिओ ऑडेट लिओनेलच्याच वर्गातली. ऑगस्टात ती घरी आली तेव्हा त्याने सरळ विचारलं, "टाचेची शीर कापून लांब करतात म्हणे. करून टाकू या ना सुगीच्या आधी."

"करतात. कुणाला त्याचा उपयोगही होतो," ऑडेट म्हणाली. "पण रेमीची आत्ता जास्त सैल केली तर तो बसेल तो बसेलच. लिओनेल, त्याची टाच थोडी आखडली आहे म्हणून तर तो उभा आहे."

"शाळेतही तू असंच उलटं बोलायचीस."

"आणि गणितात तू माझंच उतरवायचास. रोज ताण दे, पण बेताने. रात्री पावलं सरळ धरायला स्प्लिंट घाल. बाकी हात लावू नकोस."

लिओनेलने बाकीला हात लावला. रेमीसाठी नवे कामाचे बूट आणले होते, त्यांच्या टाचा त्याने बटाट्यांच्या कोठारात बसून करवतीने कापून काढल्या. बुटाची टाच उंच, म्हणून पोराची टाच वर राहते, हा त्याचा हिशेब. खाली आधारच नसेल तर जाईल कुठे? टेकेलच. कापलेली कड त्याने कानशीने इतकी गुळगुळीत केली, की पोराला नको म्हणवेना.

पहिल्या सकाळी रेमी हार्वेस्टरवर चढला. त्याला वर घ्यायला दोन पुतणे लागले, पण चढला. जागेवर उभा राहून त्याने पहिला दगड उचलला, बापाकडे बघून हसला, आणि यंत्र हललं तसे त्याचे दोन्ही गुडघे दुमडले. हनुवटी लोखंडी कठड्यावर आपटली. रक्त बघून लिओनेल ट्रॅक्टर बंद करून मागे धावला.

टाके घालून आणल्यावर कॉलेटने ते बूट टेबलावर आपटले. "टाच कापलीस ती कापलीस, अक्कलही त्याच करवतीने कापलीस का?"

लिओनेलने बूट उचलून कोठारात नेले.

दुसऱ्या दिवशी ऑडेट आली. तिने आरडाओरडा केला नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. तिने रेमीला टेबलाला धरून अनवाणी उभं केलं आणि लिओनेलचा हात त्याच्या मांडीवर ठेवला. "दाब. काय लागतं?"

"मऊ आहे."

"गुडघा धरायला तिथे जोर नाही. तो चवड्यांवर उभा राहतो, वजन गुडघ्याच्या पुढे पडतं आणि गुडघा आपोआप मागे अडकतो. ही युक्ती त्याची त्याने शोधली, कुणी शिकवली नाही. तू टाच खाली ओढलीस, वजन मागे गेलं, गुडघा दुमडला."

"मग रोज ताणायचं तरी कशाला?"

"तुझ्या हार्वेस्टरचा पट्टा सैल असला तर?"

"घसरतो."

"आणि फार घट्ट केला तर?"

"तुटतो," लिओनेल म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ते समजलं. बरं करायचं नव्हतंच. जमेल तितके दिवस नेमका ताण राखायचा होता. कोठारात जाऊन तो थोडा वेळ रडला, आणि मग त्याने प्लायवूडचे तुकडे कापले.

बुटांच्या नव्या टाचा पहिल्यापेक्षा उंच झाल्या. रेमीची टाच त्यांवर अलगद टेकली. कंबरेमागून पट्टा बांधून लिओनेलने त्याला जागेवर उभं केलं, आणि पोरगं सुगी संपेपर्यंत रोज दुपारपर्यंत उभं राहिलं. हनुवटीवर पट्टी, तोंडाला धूळ, आणि पुतण्यांवर मेयरची दादागिरी. "ए, तो दगड तुझ्या बाजूचा होता!" लिओनेल ट्रॅक्टरवरून सारखा मागे वळून बघायचा, आणि एक ओळ त्याने चक्क वाकडी काढली.

बर्फ पडायला लागलं तेव्हा रेमीचे पाय थकले. घरातल्या घरात दोनदा पडला, मग चाकांची खुर्ची आली. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती दारातून आत आली तेव्हा कॉलेट पाठ फिरवून भांडी घासत राहिली.

त्या दिवसापासून लिओनेलने संध्याकाळचा कार्यक्रम बंद केला. कोणी काही ठरवलं नाही. जेवण झालं की तो उठून कोठारात जायचा. स्प्लिंट कपाटाखाली गेले. चालायचंच नाही तर टाच टेकली काय आणि न टेकली काय, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो पाय हातात घ्यायची त्याच्यात हिंमत नव्हती.

एका संध्याकाळी तो उठणार, तोच रेमीने खुर्ची त्याच्यासमोर आडवी घातली. "पापा, पाय."

"आता कशाला रे?"

"बूट चढत नाही. दुखतं पण. आणि पुढच्या वर्षी हार्वेस्टरवर काय नुसते मोजे घालून बसू?"

"हार्वेस्टरवर कोणी ब..." लिओनेलच्या तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं.

रेमी म्हणाला, "माझ्या जागेवर आसन लागेल. पाठीला टेकू हवा. आणि पाय ठेवायला फळी."

कॉलेटने वाकून कपाटाखालचे स्प्लिंट काढले आणि टेबलावर ठेवले. लिओनेल परत बाकावर बसला. त्याने पोराचा पाय उचलून मांडीवर घेतला, टाच तळव्यात धरली. पाऊल बरंच खाली झुकलं होतं.

"फळी उतरती लावू की सपाट?" त्याने विचारलं.

"सपाट," रेमी म्हणाला.

"मग टाच टेकायला हवी. दुखलं की सांग," लिओनेल म्हणाला, आणि त्याने हळूहळू दाबायला सुरुवात केली.