आधी बोट, मग बटण

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, मित्रांनो, खेळाची. राखाडी प्लास्टिकची, तळहातावर मावणारी. माझ्या अंगावरच्या चिठ्ठीवर सात घंटांचे चित्र होते. आता त्यांतल्या चारच ओळखू येतात.

त्या रविवारी जपानमधल्या सबाए गावात गुडघाभर बर्फ पडला होता. दुपारी तीनच्या सुमारास तोकुजींनी मला कपाटातून काढले, चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने यंत्राला जोडणारे माझे सोनेरी दात पुसले आणि मला खेळाच्या यंत्राच्या खाचेत बसवले. मग खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या गोधडीत त्यांनी पाय खुपसले. जुना, जाडजूड टीव्ही उजळला. एवढ्यात फोन वाजला. ओसाकाहून त्यांची मुलगी चिनात्सु बोलत होती. ती त्रेचाळीस वर्षांची, एका प्रकाशनात मुद्रिते तपासणारी. दर रविवारी याच वेळी तिचा फोन येई.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. मासुनागा काकूंनी मुळा शिजवून दिला होता. अजून दोन दिवस पुरेल, एवढा."

"बर्फ काढायला जाऊ नका हं. कुणाला तरी सांगा."

"कुणाला सांगू? या गल्लीत मीच सगळ्यात तरणा."

"आणि आत्ता काय चाललंय? खेळताय?"

"शेवटच्या किल्ल्यापाशी उभा आहे."

"एकतीस वर्षं उभेच आहात. पायाला मुंग्या नाही आल्या?"

"तू आलीस की आत जाऊ."

"मार्चमध्ये येते. आईच्या थडग्यावर जाऊन येऊ."

"ये. खेळातल्या प्रवाशांत चौथी जागा अजून रिकामी आहे. जावई आणलास तर त्याला बसवू."

"ठेवते मी फोन," ती म्हणाली. पण हसून म्हणाली.

तोकुजी किल्ल्यापाशी उभे नव्हते. हे मला ठाऊक होते. तासाभराने त्यांनी एक बोट रीसेटच्या बटणावर दाबून धरले, दुसऱ्या हाताने वीज बंद केली आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवले. सोमवारी सकाळी ते फावडे घेऊन अंगणात गेले. शेजारच्या मासुनागा काकूंना आधी बर्फात पडलेले फावडे दिसले, मग निपचित पडलेले तोकुजी.

आता मागचे सांगते.

माझा जन्म क्योतोजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी बसवली गेली. ती जिवंत आहे तोवर माझ्यात नोंदलेला प्रवास मला आठवतो. ती विझली की मी कोरी. सात घंटांच्या गाथेतला मी तिसरा भाग. मी बाजारात आले त्या फेब्रुवारीच्या सकाळी खेळण्यांच्या दुकानापुढे पार कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती. तोकुजी चष्म्यांच्या कारखान्यात फ्रेमना झिलई द्यायचे आणि त्यांचे सांधे जोडायचे. पोट दुखते असे कळवून ते रांगेत उभे राहिले होते. थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून पाहिले, तर त्यांचा मुकादम उभा.

"पोट कसं आहे रे?" मुकादमाने विचारले.

"तुमच्यासारखंच, साहेब."

दोघांनीही एकेक कॅसेट विकत घेतली. तोकुजींच्या वाट्याला मी आले.

माणसे आमच्यासारख्या खेळांकडे का ओढली जातात, असे तुम्हांला वाटत असेल. राक्षस, तलवारी, उडते जहाज हे सगळे आहेच. त्याने पहिला आठवडा जातो. पुढची वर्षे कशाने जातात ते मी तोकुजींकडे पाहून शिकले. कारखान्यात त्यांनी हजारो फ्रेमना झिलई दिली. पण आज तुमचा हात कालच्यापेक्षा एक पायरी वर गेला, असे त्यांना कोणी कधी सांगितले नाही. माझ्या जगात तसे सांगतात. दहा चिखलभुते मारली की छोटीशी धून वाजते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: तोकुचे बळ वाढले. ती धून वाजली की हा माणूस एकटाच मान डोलवायचा. शिवाय माझ्या जगात विहिरीपाशी एक म्हातारा उभा आहे. तुम्ही वर्षभराने परत आलात तरी तो तेच म्हणतो, "आलात? पाणी गार आहे." आणि लढाईत कोणी पडले, तर देवळात नेऊन घंटा वाजवली की ते उठून बसते.

प्रवाशांची नावे खेळणाऱ्याने ठेवायची असतात. तोकुजींनी नायिकेचे नाव ठेवले चिना. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि वडिलांच्या मांडीवर बसून "डावीकडे! बाबा, डावीकडे!" असे ओरडायची. तलवारबाज झाला तोकु.

त्या घरात एक मंत्र होता: आधी बोट, मग बटण. आमच्या पिढीच्या कॅसेटी अशाच होत्या. रीसेट दाबून धरायचे आणि मगच वीज बंद करायची. नाहीतर जाता जाता विजेचा धक्का बसून सगळी आठवण विस्कटायची. तोकुजींनी त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली होती. एके सकाळी चिनात्सुची आई, फुसाए, केर काढणारे यंत्र फिरवत असताना तिचा पाय वायरीत अडकला. पन्नास तासांचा प्रवास गेला. चिनात्सु भोकाड पसरून रडली.

"अहो, जग बुडलं असेल, पण माझी खोली तर स्वच्छ झाली ना?" फुसाए म्हणाली. मग दोघांची तोंडे पाहून ती हात पुसत खाली बसली. "पुन्हा निघू या की. तिघंही आहोत ना इथे? या वेळी मलाही घ्या."

म्हणून दुसऱ्या प्रवासात तिसरी आली, फुसा. ती जखमा बऱ्या करणारी. नाव सुचवताना चिनात्सु म्हणाली होती, "आईला तलवार नको. ती वायर कापेल."

तो प्रवास चार वर्षे चालला. शेवटच्या किल्ल्याखालच्या सराईत आम्ही पोहोचलो, त्याच हिवाळ्यात फुसाए आजारी पडली आणि वसंत येण्याआधी गेली. चिनात्सु तेव्हा बारा वर्षांची होती.

त्यांच्यात मृत्यूनंतरचे एकोणपन्नास दिवस पाळतात. तिसाव्या दिवशी तोकुजींनी मला खाचेत बसवले. ते लढले नाहीत. नुसते चालत राहिले, तिघांना घेऊन, समुद्राच्या कडेकडेने. चिनात्सु शाळेतून आली ती दारातच थांबली.

"आईचे एकोणपन्नास दिवससुद्धा झाले नाहीत, बाबा. आणि तुम्ही खेळत बसलात?"

तोकुजींनी प्रवाशांना समुद्रकाठी उभे केले.

"खेळातल्या बाईला बरं करता येतं. खऱ्या आईला का नाही केलंत?"

बारा वर्षांच्या मुलीचे शब्द होते ते. पण शब्दांना वय नसते. तोकुजींनी बोट ठेवले, बटण दाबले आणि मला कपाटात ठेवून दिले. त्या दिवसापासून ते तिच्यासमोर कधी खेळले नाहीत, आणि तीही त्यांच्या शेजारी बसली नाही.

आता जे सांगते ते फक्त मला माहीत होते. निदान मला तसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, बाप घरी यायच्या आत, चिनात्सुने मला काढले. किल्ल्याकडे तिने पाहिलेही नाही. तिघांना घेऊन ती नदी, खिंड, बंदर ओलांडून थेट पहिल्या गावात गेली आणि सराईत शिरली. माझ्या जगात प्रवासाची नोंद सराईत झोपल्यावरच होते. पडदा काळा होतो, मग उजाडते आणि अंथरुणातून तिघे एकेक करून उठतात. आधी चिना, मग तोकु. फुसा सर्वांत शेवटी. सराईवाली म्हणते, "उठलात सगळे? चहा ठेवलाय. सावकाश निघा."

चिनात्सु ते एकदा बघायची. मग पुन्हा झोपवायची. पुन्हा उठवायची. बापाची सायकल वाजली की आधी बोट, मग बटण.

तोकुजींनी नंतर मला लावले तेव्हा प्रवासी भलत्याच गावात होते. त्यांनी एकदा चिनात्सुच्या दप्तराकडे पाहिले. मग तिघांना घेऊन दोन तास चालत किल्ल्याखालच्या सराईत परत गेले आणि तिथे नोंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा महिना गेला. एके संध्याकाळी मात्र ते किल्ल्याकडे वळलेच नाहीत. गावाभोवती थोडे फिरले, विहिरीपाशी म्हाताऱ्याशी बोलले आणि पहिल्याच गावातल्या सराईत येऊन झोपले. पोरीची पायपीट वाचावी म्हणून. पहिल्या दिवशी दचकलेली चिनात्सु पुढे सरावली. बाबा खेळलेच नाहीत, ही आपलीच आदल्या दिवशीची नोंद आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली असावी.

एकाच घरात, एकाच सराईत, सहा वर्षे बाप-लेक असे आळीपाळीने झोपून उठले, आणि एकमेकांशी त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत.

मग ती शिकायला ओसाकाला गेली. गाथेचे चौथा, पाचवा, सहावा असे भाग येत राहिले. दर वेळी तोकुजी रांगेत उभे राहत. दर भागाच्या सुरुवातीला सात घंटांचा तोच नाद असे, आणि तो ऐकला की माणसाला आपण कुठे आलो ते कळते. म्हणूनच लोक या मालिकेकडे परत परत येतात. तोकुजी तो नाद ऐकायचे, नवा भाग आठवडाभर खेळायचे, आणि माझ्याकडे परत यायचे.

माझी बॅटरी दोनदा विझत आली. बॅटरी काढली की आठवण जाते, हे दुकानदाराने त्यांना सांगितले होते. तोकुजींनी मला उघडले. चष्म्याच्या दांडीचे केसाएवढे सांधे जोडणारा हात तो. बाहेरून दुसऱ्या बॅटरीचा प्रवाह चालू ठेवून, श्वास रोखून, त्यांनी जुनी काढली आणि नवी जोडली. माझी आठवण क्षणभरही तुटली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन चष्मे एकावर एक चढवले होते. काम झाल्यावर ते जमिनीवर आडवे झाले आणि छताकडे पाहून म्हणाले, "फुसाए, झालं गं."

इतके जपले त्यांनी मला.

त्यांना जाऊन बावीस दिवस झाले होते. चिनात्सु घर आवरत होती. कपाटात फडक्यात गुंडाळलेली मी तिला सापडले. ती माझ्याकडे बघत खाली बसली, मग तिने मला खाचेत बसवले. घंटा वाजल्या. नोंद उघडली.

किल्ला नव्हता. पहिले गाव होते. सराई होती. तिघे अंथरुणातून उठले. आधी चिना, मग तोकु, आणि सर्वांत शेवटी फुसा. "उठलात सगळे? चहा ठेवलाय. सावकाश निघा."

चिनात्सुने पंचवीस वर्षांत मला हात लावला नव्हता, आणि बाप तर दर रविवारी खेळत होता. त्यामुळे ही नोंद तिची असणे शक्यच नव्हते. बाबांना आपली सराई ठाऊक होती, हे तिला कळायला फार वेळ लागला नाही. तिने तोंडावर हात दाबून धरला.

तेवढ्यात दार वाजले. "चिना-चान, पोरी, आहेस का गं? मुळा आणलाय," मासुनागा काकू म्हणत होत्या, आणि नेहमीप्रमाणे त्या उत्तराची वाट न पाहता आत येऊ लागल्या.

बापाचे एकोणपन्नास दिवस झाले नव्हते, आणि मुलगी खेळत बसली होती. तिला लाज वाटली असावी. आताची यंत्रे नुसती बंद केली तरी चालतात, ही सवयही नडली असेल. तिने झटकन हात पुढे केला आणि वीज बंद केली.

एकच हात. बोट नव्हते.

"रडत होतीस होय?" काकू म्हणाल्या. "रड, रड. पण खाऊन रड. तुझा बाप म्हणायचा, माझ्या मुळ्याला मीठ कमी असतं. आता कुणाला नावं ठेवायला सांगू?"

काकू गेल्यावर चिनात्सुने पुन्हा यंत्र लावले. काळ्या पडद्यावर एक हळू धून वाजली आणि अक्षरे आली: पहिली नोंद नाहीशी झाली आहे. तिने मला काढले, दात पुसले, पुन्हा बसवले. असे तीनदा केले. तिसऱ्या वेळी तिची नजर त्या बटणावर गेली. लाल चिकटपट्टी उन्हाने गुलाबी झाली होती, पण होती.

पुन्हा निघू या की, असे म्हणणारी केव्हाच गेली. मोजायला आता तिघे नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा असे माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी सांगायचा रिवाज आहे. पण मला तर एका माणसाने पस्तीस वर्षे जपले, आणि तरी एका क्षणात मी कोरी झाले. माझ्यात ठेवलेले माझ्यापाशी राहील, असे कोणी समजू नये. ज्याच्या शेजारी बसावेसे वाटते, त्याच्या शेजारी बसा. तो घरी असतानाच.

मी अजून खाचेतच होते. पडद्यावर तीन रिकाम्या नोंदी होत्या. चिनात्सुने लाल पट्टीवर बोट ठेवले आणि ते दाबून धरले, जणू अजून काही वाचवायचे शिल्लक होते. तिचा दुसरा हात वीज बंद करायच्या बटणावर होता. पण तिने ते दाबले नाही. टेबलाच्या गोधडीपाशी बाबांच्या रिकाम्या जागेकडे पाहून ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, आईला रोज सराईत झोपवणारी मीच होते. त्या दिवशी तुम्ही खेळत होतात म्हणून मी चिडले नव्हते. तुम्ही मला न घेता निघालात, म्हणून चिडले होते."