ऑर्किडच्या बरणीची दोन भोकं

या, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं. भिंतीला पाठ टेकली की गोष्ट अर्धीच कानात शिरते. आज एका झाडाची गोष्ट सांगते. झाड जेमतेम वीतभर, पण त्याने आमच्या घरातल्या तीन माणसांना ताळ्यावर आणलं. खोटं वाटलं तर मधेच उठून जा, मी रागावणार नाही.

माझी नणंद लग्न न करता आमच्याकडेच राहिलेली, वाचनालयात नोकरी करणारी. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी. आणि भांडण झालं की दोघी एकमेकींना 'अहो' म्हणतो. तिच्या खिडकीत एक ऑर्किड होतं. कुणाच्या तरी समारंभानंतर कचऱ्याच्या गाडीत निघालेलं तिने उचलून आणलं आणि सहा वर्षं सांभाळलं. मागच्या वर्षी तिच्या कंबरेच्या हाडाचं दुखणं विकोपाला गेलं. ऑपरेशन, आणि पुढे तीन महिने दवाखान्यात. निघताना माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, परत आल्यावर फूल दिसलं नाही तरी चालेल. एक हिरवं पान दिसू दे. तेवढ्यावर मी पुन्हा चालायला शिकेन."

ऐकलंत ना? पाय तिचे, आणि पान माझ्या हाती.

मग मी काय केलं? मायेने आंधळं झालेलं माणूस करतं तेच. रोज सकाळी देवाचं नाव घेतलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. वन्सं आठवड्यातून एकदा द्यायची. मला वाटलं, आजारी माणसाचं झाड, त्याला तहानलेलं कसं ठेवू? महिन्याभरात पाच पानांची तीन झाली. कुंडी उपडी केली तर मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालींचा चिखल झालेला, आणि मुळं भिजलेल्या वातीसारखी. चिमटीत धरलं की वरचं सोलून निघे आणि नुसता दोरा हातात राही.

त्या दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर वन्संने विचारलं, "झाड कसं आहे गं?"

"मजेत," मी म्हटलं. जीभ झडली नाही, एवढी देवाची कृपा.

डबा आवरून निघाले ती डोळे भरून. दवाखान्याच्या खालच्या हॉलची फरशी नुकतीच पुसलेली. मी तशीच तरातरा चालत सुटले.

"ओ बाई! ढगात चालताय का? खाली माझी फरशी आहे."

वळून पाहिलं तर बादली घेतलेल्या सफाईच्या मावशी. माझा चेहरा दिसला तसा त्यांचा आवाज उतरला. "कोण सिरियस आहे?"

"झाड," मी म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. दुसरं कुणीही हसलं असतं. रोजच्या तांब्याभर पाण्याचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि पोछ्याच्या दांड्याने खिडकीकडे दाखवलं. तिथे चार पारदर्शक बरण्या, त्यांत भाजलेल्या मातीचे बोराएवढे गोळे, आणि गोळ्यांतून वर आलेली ऑर्किडं, टवटवीत. महिनाभर रोज मी त्यांच्यासमोरून जात होते. पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

"माती नाही, साल नाही," मावशी म्हणाल्या. "तळाशी दोन बोटं पाणी, आणि त्या पाण्याच्या रेघेवर दोन भोकं. जास्तीचं बाहेर. गोळे खालून पाणी ओढतात आणि मुळांना लागेल तेवढंच देतात. मुळांना ओल हवी, तसा वाराही हवा. तुम्ही नुसती ओलच दिलीत."

"आणि जुनी मुळं?"

"त्यातली काही जातील. त्यांना अशा राहणीची सवय नाही. पण घाबरून उपटून बघायचं नाही. नवीन फुटतात ती इथलीच होऊन फुटतात, ती टिकतात. दर आठवड्याला वरून भरपूर पाणी ओतून सगळं धुऊन काढायचं. आणि बाई..."

"काय?"

"उद्या फरशी वाळल्यावर या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीभर गोळे माझ्या हातात ठेवले. मी ते धुतले, दिवसभर भिजवले. बिस्किटांच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीला सळई तापवून दोन भोकं पाडली. कुजकी मुळं कापून टाकली, उरली तीन. झाड गोळ्यांत बसवलं, खिडकीत ठेवलं आणि उपटून बघायचा मोह होई तेव्हा हात पदरात बांधून ठेवला.

आता आमचे मामंजी. चाळीस वर्षं प्लंबर. गल्लीत त्यांना 'वॉशर' म्हणतात, कारण सदऱ्याच्या खिशात एक तरी वॉशर असतोच. कुणाकडे चहाला गेले तरी आधी त्यांचा नळ पिळून बघतात. पण मुलगी दवाखान्यात गेल्यापासून ते एकदाही तिला भेटले नव्हते. "तुम्ही जाता ना, पुरे झालं," म्हणायचे आणि मोरीत जाऊन धडधाकट नळाशी खुडबुड करायचे. मला राग यायचा. बापाचं काळीज इतकं कोरडं?

पहिल्या आठवड्यात मी झाड धुतलं. भोकांतून पाणी वाहिलं, खिडकीवरून फरशीवर ओघळलं. मी तशीच डबा घेऊन दवाखान्यात गेले. संध्याकाळी परत आले तर बरणीला खालून चकचकीत पांढरी टेप गुंडाळलेली. मला वाटलं, मामंजींनी शोभेसाठी लावली. बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी ओतलं. थेंब बाहेर येईना. पाणी चढत चढत गळ्यापर्यंत आलं.

"मामंजी! भोकं कुठे गेली?"

"बुजवली," ते ऐटीत म्हणाले. "भोकांत लांबीचा लगदा भरला, वरून टेप. टिपूस गळणार नाही. हल्ली मेले भोकं ठेवूनच बरण्या विकतात."

"ती मी पाडली होती!"

"तू? चांगल्या बरणीला?"

मग माझा बांधच फुटला. "अहो, ते वन्संचं झाड आहे! गळ्यापर्यंत बुडालंय ते. एक पान दिसलं तर चालायला शिकेन म्हणाली होती ती. आता मी तिला काय दाखवू? तुमची टेप?"

मामंजी स्टुलावर बसले. खिशातला वॉशर काढून बोटात फिरवत राहिले.

"मला तिच्याकडे जाववत नाही, सूनबाई," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांनी हाक मारली, मी गेलो, काहीतरी दुरुस्त करून आलो. तिच्या खाटेशी जाऊन काय दुरुस्त करू? रिकामे हात घेऊन उभा राहू? घरात तिचं काही गळताना दिसलं, तेवढं तरी बंद केलं."

देवाने तिथेच माझा कान पिळला. ज्यांना मी कोरडं म्हणत होते, ते आतून गळ्यापर्यंत भरलेले होते.

मी बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि मावशींनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता ताठ बसले.

"म्हणजे ओव्हरफ्लो! टाकीला असतो तसा! मग सरळ ओव्हरफ्लो म्हण ना, भोक काय म्हणतेस?"

लांबी खरवडली, पाणी सोडलं, भोकांत बारीक नळ्या बसवल्या, खाली ताटली. तीनपैकी एक मूळ गेलं, एक पान पिवळं पडलं. मुळं उरली दोन, पानंही दोन. मामंजींनी शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल, मीही येतो."

वन्संने बापाला दारात पाहिलं आणि ती रडणार, इतक्यात मामंजीच बोलून गेले, "तुझं झाड आधी हिने सडवलं, मग मी बुडवलं. आता ओव्हरफ्लो लावलाय."

वन्सं माझ्याकडे वळली. "मजेत काय गं वहिनी? अहो, मजेत का?" आणि ती हसली. किती दिवसांनी! शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

वन्सं घरी आली त्या सकाळी दारापासून खिडकीपर्यंत वॉकर धरून एकवीस पावलं चालली. मामंजी एक हात तिच्यामागे धरून, न टेकवता. झाडाला दोनच पानं होती, पण बरणीच्या काचेसारख्या भिंतीलगत, गोळ्यांमधून, एक नवं मूळ खाली उतरलं होतं. पांढरं, आणि टोकाला पोपटी.

वन्संने बरणीवर बोट ठेवलं. "मी पान मागितलं होतं," म्हणाली, आणि आणखी दोन पावलं चालून आपल्या खुर्चीत बसली.

देवाची करणी अन् नारळात पाणी, असं आपण म्हणतो. आमच्या बरणीतलं पाणी मात्र मावशींच्या हातून आलं. पेढे घेऊन गेले तर कळलं, त्यांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली आहे. खिडकीतल्या चारही बरण्या त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या. चार जागा पुसून लख्ख ठेवल्या होत्या.

तेव्हा मंडळी, एवढं करा. दवाखान्यात कुणी फरशी पुसताना दिसलं तर कितीही घाई असो, वाळेपर्यंत क्षणभर कडेला उभे राहा. आणि उभ्या उभ्या आमच्या मावशींची आठवण काढा.