डावीकडून उघडणारं चिलखत

सरकार झोपलं की घरात चिलखताचं काम सुरू व्हायचं.

सरकार म्हणजे दीड वर्षाची लेक. हे नाव तिच्या बापाने ठेवलेलं, कारण तिच्या मर्जीशिवाय घरात पान हलत नसे आणि तिच्याविरुद्ध तक्रार करायची तर ती तिच्याकडेच करावी लागे. सरकारची झोपेची वेळ दुपारी एक ते अडीच. ही कागदोपत्री. प्रत्यक्षात पन्नास मिनिटं, आणि खाली कुणी स्कूटर चालू केली तर तीही नाहीत. तेवढ्यात सरकारची आई जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरायची, आरी, पंच, मेणाचा गोळा आणि चामड्याची पाती मांडायची आणि सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा सैनिकाचं चिलखत ओवायला बसायची.

हे लोकांना समजावून सांगणं चिलखत करण्यापेक्षा अवघड होतं. जिथून ती लांबलेल्या रजेवर होती, त्या ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं होतं, "म्हणजे नाटकासाठी?" नाही. "मग विकायला?" तेही नाही. "मग घालणार कोण?" मी, असं म्हटल्यावर मैत्रिणीने जो चेहरा केला, तो तिच्या अजून लक्षात होता. बाळंतपणानंतर बाईला काहीबाही होतं म्हणतात, त्यातलंच हे असणार, असा तो चेहरा.

खरं तर खूळ त्याआधीचं होतं. शाळेमागच्या मैदानावर दर रविवारी जमणाऱ्या एका मंडळात ती पोट दिसायला लागायच्या आत दाखल झाली होती. मंडळाचा नियम एकच, पण कडक: जे त्या काळी नव्हतं ते चिलखतात नको. नायलॉनचा दोरा नको, गोंद नको, शिलाई मशीन तर नावालाही नको. चामडं रापीने कापायचं, गरम पाण्यात बुडवून कडक करायचं, भोकं हाताने पाडायची आणि चामड्याच्याच वादीने एक पातं दुसऱ्याला ओवायचं. छातीवरच्या दोन ओळी तेवढ्या लोखंडी, त्याही घरी ठोकलेल्या. सगळी मिळून तीनशे अठ्ठावीस पाती, प्रत्येकाला आठ भोकं. हे ऐकून नवरा म्हणाला होता, "एवढ्या भोकांतून वारा चांगला येईल."

चामडं कडक करायला तिने बाळाच्या बाटल्या उकळायचं भांडं घेतलं. ते कोरं करकरीत पडून होतं. बाटली सरकारने पहिल्याच दिवशी नामंजूर केली होती, रबराचं निपल तोंडाला लागताच असा काही आवाज काढून, की शेजारचे विचारायला आले. सरकारला आईच लागे, आणि आईचीही डावी बाजूच. उजवीकडे नेलं की सरकार मान फिरवून बसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असतात काही मुलं अशी. घाबरू नका." ती घाबरली नाही. डावीकडे थोडी झुकली मात्र, तेवढंच.

"अगं, बाळाच्या भांड्यात जोडे शिजवतेस?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

"जोडे नाहीत हो आई. चिलखत आहे."

"वास तर जोड्यांचाच येतोय." त्यांनी पदर नाकाला लावला आणि खिडकी उघडली. तेव्हापासून त्या चिलखताला 'ते कासव' म्हणायच्या. पण वादीला मेण लावायचं काम कधीतरी त्यांनी आपणहून हातात घेतलं, आणि ते त्यांना तिच्यापेक्षा बरं जमायचं. ते दोघींनीही कधी बोलून दाखवलं नाही.

आता खरी गोष्ट. चिलखत हे निमित्त होतं. सरकार आल्यापासून तिच्या हातून एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. चहा अर्धा. आंघोळ अर्धी. साहेबांना लिहायचं पत्र 'कळविण्यास आनंद होतो की' इथवर येऊन दोन महिने थांबलेलं. कशाचा आनंद, हे तीही विसरली होती. एकदा पार्लरमध्ये एक भुवई कोरून झाली आणि घरून फोन आला. पुढचे आठ दिवस ती एका बाजूने प्रश्नार्थक आणि दुसऱ्या बाजूने गावंढळ दिसत हिंडली. नवरा म्हणाला, "मला दोन्ही आवडतात." त्यावर रागवायचंही अर्धंच राहिलं.

मंडळात वर्षातून एकदा तपासणी होई. तीत पास झालेल्यांनी चिलखत घालून रांगेत उभं राहायचं आणि मैदानाला एक फेरी मारायची, बस्स. बघायला नातेवाईक आणि दोन-चार कुत्री. तपासणीच्या कागदावर तीन चौकोन होते: मंजूर, अपूर्ण, नामंजूर. तिच्या नावापुढे पहिल्या वर्षी अपूर्ण. दुसऱ्या वर्षीही अपूर्ण. आणि नियम असा, की तीनदा अपूर्ण झालं की यादीतून नाव जायचं. वाट पाहणारे बरेच होते, मंडळाचंही चुकत नव्हतं.

"या वेळी काहीही झालं तरी पुरं करणार," तिने जाहीर केलं. जाहीर करायला नको होतं. सासूबाईंनी ते त्यांच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने तिच्या सुनेला, आणि त्या सुनेने फोन करून "ऑल द बेस्ट हं, ते तुझं कासव..." असं म्हटल्यावर तिला कळलं की आता माघार नाही.

शेवटचं पातं तिने तपासणीच्या आदल्या दिवशी, पन्नासातल्या अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला ओवलं. गाठ मारली, अंगात चढवलं आणि आरशासमोर उभी राहिली. डाव्या खांद्यावरून काखेखाली येणारी वादी, तिला एकच सरकगाठ. उजव्या हाताने ओढली की सुटे, पुन्हा ओवली की बसे. ही गाठ तिची स्वतःची करामत, आणि तिला तिचा भलताच अभिमान होता.

सासूबाईंनी मागून-पुढून पाहिलं. "उघडायचं बाकी बरं सोयीचं केलंयस हो."

तिला वाटलं, टोमणा आहे. ती हसली आणि सरकार जागं झालं.

मंडळाचे तपासनीस साठीचे होते, चष्म्याचं दुकान चालवायचे आणि त्यांना सगळे पुरावामास्तर म्हणायचे. कारण तुम्ही काहीही दाखवा, अगदी नवीन बूट जरी दाखवले, तरी त्यांचा पहिला शब्द "पुरावा?" त्या काळचं चित्र, कोरीव दगड, मातीखाली सापडलेला तुकडा, काहीतरी हवं. त्यांच्या बायकोने म्हणे एकदा त्यांना विचारलं होतं, "माझ्यावर प्रेम आहे का?" आणि त्यांनी हो म्हटल्यावर तिनेच उलट पुरावा मागितला होता. तेव्हापासून ते जरा मवाळ झाले, असं जुने लोक सांगत. नव्यांना त्याचा पुरावा मिळाला नव्हता.

रविवारी ती मैदानावर पोचली तेव्हा नवऱ्याच्या कडेवर सरकार होतं आणि खांद्याला सरकारची पिशवी, सैन्याच्या रसदीपेक्षा जड. पुरावामास्तर टेबलापाशी बसून होते. त्यांनी चिलखत हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला. भिंग लावून भोकं पाहिली.

"हाताने पाडलीत?"

"हो सर."

"दिसतंय. एकही सरळ रेषेत नाही." हे बहुतेक कौतुक होतं. "वादीला मेण?"

"मधमाशीचं. सासूबाईंनी लावलंय."

"त्यांना मंडळात आणा." त्यांनी लोखंडी पात्यावर नख वाजवलं, कान देऊन ऐकलं, मान हलवली. "छान. ताई, खरंच छान. घाला बघू आता."

आत घालायचा जाड टाचलेला अंगरखा तिने आधीच चढवला होता. वरून चिलखत घातलं, डाव्या खांद्यावरची वादी ओवली, सरकगाठ बसली. सवयीचा हात. डोळे मिटूनही जमलं असतं.

पुरावामास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे डावीकडून उघडतं?"

"हो."

"का?"

चार महिने ते अर्धंमुर्धं चिलखत तिने मापासाठी शंभरदा घातलं-काढलं होतं आणि हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता.

"डाव्या हातात ढाल," पुरावामास्तर लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागले. "म्हणजे डावी बाजू शत्रूकडे. फट शत्रूकडे ठेवून कोण लढायला जाईल? उघडायची बाजू उजवी. सगळ्या चित्रांत उजवी. आणि ही गाठ! एका हाताने सुटते. म्हणजे शत्रूच्याही एका हाताने सुटेल. त्याने नुसती ओढली की तुम्ही..." त्यांनी पुढचं वाक्य सभ्यपणे सोडून दिलं. "पुरावा आहे का याला काही?"

"नाही."

"मग सुचलं कसं हे?"

रांगेतले सगळे तिच्याकडे बघत होते. आराखडा समोर ठेवून ती बसली होती, चित्रं भिंतीला चिकटवली होती, मग हात असा उलटा कसा चालला? तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेने सरकारचा आवाज आला. तो नेहमीचा, बारीक सुरुवात करून एकदम वर जाणारा. नवरा सरकारला उडवून, कुत्रं दाखवून, किल्ल्या वाजवून पाहत होता आणि दर पावलाला हरत हरत इकडेच येत होता. "अगं, नाही ऐकत. मी काय करू, माझ्याकडे सोय नाही."

तिचा उजवा हात आपोआप वर गेला. एक हिसका. सरकगाठ सुटली, चिलखताची डावी बाजू दारासारखी बाजूला झाली, आतला अंगरखाही नेमका तिथेच उघडणारा निघाला, आणि सरकार तीनशे अठ्ठावीस पात्यांच्या आड जाऊन बसलं. फक्त चुटूक चुटूक असा आवाज.

ती पाहत राहिली. आधी गाठीकडे, मग सरकारच्या डोक्याकडे. दीड वर्षात घेतलेला प्रत्येक कुडता तिथेच उघडणारा होता. रात्रीचा गाऊनसुद्धा. हाताला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती. तिने शत्रूशी लढणाऱ्या योद्ध्याचं चिलखत करायला घेतलं होतं आणि अंगावर घालायचा पाळणा करून बसली होती.

पुरावामास्तरांनी पाठ फिरवली होती. तसेच पाठमोरे ते म्हणाले, "हं. पुरावा मिळाला." आणि जरा थांबून, "पण त्या काळचा नाही."

"आया तेव्हाही असतीलच की, सर," नवरा म्हणाला.

"असतीलच. पण चिलखतात असलेली एक दाखवा, मी आत्ता सही करतो."

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू एखादी सापडेल. पुरावामास्तर टेबलाशी गेले. पेन उघडलं. ते तिसऱ्या 'अपूर्ण'कडे जाताना तिला लांबून दिसलं, म्हणजे तसं वाटलं. एवढ्या दुपारी खर्ची पडलेल्या. अर्ध्या टाकलेल्या एवढ्या झोपा. आणि आता यादीतून नावही जाणार, तेही एका गाठीसाठी, जिचा काल तिला अभिमान वाटत होता.

त्यांनी कागद आणून तिच्या मोकळ्या हातात दिला. खूण शेवटच्या चौकोनात होती. नामंजूर.

"सर, हे अपूर्ण नाही?"

"अपूर्ण?" पुरावामास्तर दुखावल्यासारखे दिसले. "अपूर्ण कसं म्हणू? एक भोक रिकामं नाही, एक पातं कमी नाही. चूक आहे ताई, चांगली ठणठणीत चूक आहे. पण पूर्ण आहे. अपुरी गोष्ट मी नामंजूर कशी करणार? दुरुस्त करा, पुढच्या वर्षी आणा. नाव राहतंय."

तिने तो शब्द परत वाचला. मग ती हसायला लागली, इतकी की पाती खुळखुळली आणि सरकारने नाराजीने वर पाहिलं.

"रडतेयस का?" नवऱ्याने खाली वाकून विचारलं.

"नाही रे. पूर्ण आहे म्हणाले."

"नापास झालीस ना पण?"

"हो!" ती म्हणाली, पेढे वाटण्याच्या सुरात.

रांग निघाली. तीत ती नव्हती. मैदानाच्या कडेला, कुत्र्यांशेजारी बसून तिने फेरी पाहिली. एकाचं शिरस्त्राण दर चार पावलांनी डोळ्यांवर येत होतं आणि ते मंजूर होतं, याचं तिला जरा बरंच वाटलं.

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय झालं?"

"नामंजूर. डावीकडून उघडतं म्हणून."

"मी तर कालच म्हटलं, सोयीचं केलंयस," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तो टोमणा नव्हता तर. आतून पुन्हा आवाज आला, "त्यांनी कुणाला पाजलंय का कधी लढाईत? त्यांना काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी एक वाजता सरकार झोपलं. तिने चादर पसरली आणि चिलखत टेबलावर ठेवलं. डावी बाजू ओवून बंद करायची, उजवी उसवून मोकळी करायची. काम सहज वर्षभराचं, तिच्या पन्नास मिनिटांच्या हिशेबाने. तोवर सरकार अडीच वर्षांचं होईल. ते काही तेव्हा डावीकडे येऊन बसणार नाही. मान फिरवायला शिकलंच आहे, एक दिवस डावीकडूनही फिरवेल, आणि मग चिलखत कुठूनही उघडलं तरी कुणाचं काही अडणार नाही. पुराव्याप्रमाणे अगदी बरोबर होईल.

तिने आरी उचलली. पहिल्या गाठीत टोक घातलं. मग काढून घेतलं.

उद्यापासून. आजच्या दिवस ते पूर्ण होतं, आणि घरात दुसरं काहीच पूर्ण नव्हतं. तिने चिलखत खुर्चीच्या पाठीवर नीट बसवलं, सरकगाठ मारली, समोर चहा घेऊन बसली आणि नुसतं त्याच्याकडे पाहत राहिली.

अर्धा कप झाला आणि खाली कुणीतरी स्कूटर चालू केली.